अळूवडीशेजारी शेनिन ब्लांक

चांगली पांढरी वाइन ड्रायच, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेलीच असते आणि गोडसर वाइन ही नवशिक्यांची, असा समज पुण्यातल्या वाइनप्रेमींमध्ये पक्का बसलेला आहे. मला तो मुळीच पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्या ताटातच आहे.

भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, अळूचे फदफदे, यांतल्या कोणत्याही पदार्थात गुळाचा खडा पडल्याशिवाय आपल्या घरांतली चव जमत नाही. जिभेवर हा गूळ आधीच असताना अगदी ड्राय वाइनचा घोट घेतला, तर ती आंबटढाण लागते आणि तिच्यातला फळांचा स्वाद हरवून जातो. याउलट आंबवण्याच्या क्रियेत द्राक्षातली थोडी साखर, लिटरमागे साधारण दहा-पंधरा ग्रॅम, शिल्लक राहू दिलेली वाइन आपल्या चिंचगुळाशी सहज जुळते, कारण तिच्यातही आंबट आणि गोड एकत्रच नांदत असतात. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या, रीसलिंग द्राक्षांच्या अनेक पांढऱ्या वाइन अशाच असतात. आपल्याकडे नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने 2000 साली बाजारात आणलेल्या पहिल्या काही वाइनमध्येही शेनिन ब्लांक या द्राक्षाची किंचित गोड पांढरी वाइन होती.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आईने अळूवडी केली. उंडे वाफवून, गार करून, बोटभर जाडीच्या वड्या तिने तळायला घेतल्या, तेव्हा मी मुद्दाम दोन पेले भरले, एकात सोव्हिन्यों ब्लांक या द्राक्षाची ड्राय पांढरी वाइन आणि दुसऱ्यात शेनिन. वडीची कड कुरकुरीत, वर तीळ, आणि मग बेसनातून हळूहळू उतरणारी चिंच. त्यावर सोव्हिन्योंचा घोट घेतला तेव्हा लिंबाची फोड चावल्यासारखे झाले. शेनिनने मात्र तेलकटपणा धुऊन नेला, गूळ आणखी खुलवला आणि पुढच्या वडीकडे हात आपसूक गेला.

तिखटाच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच खरा आहे. मद्यार्क मिरचीची आग भडकवतो, तर साखर ती थोडी शमवते. म्हणूनच सुरमईच्या तिखट कालवणाबरोबर कमी मद्यार्काची, जराशी गोड वाइन घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तुरट रेड वाइन मात्र तिथे नकोच. तर्रीदार मिसळीसोबत मी कोणतीच वाइन घेणार नाही. तिथे ताकच हवे. पुरणपोळीशीही ही वाइन टिकत नाही, कारण पुरणाची गोडी तिच्यापेक्षा फार जास्त असते.

अशी वाइन आठ ते दहा अंशांपर्यंत गार हवी, एरवी तिची गोडी चिकट वाटू लागते. वैशाखातल्या एका संध्याकाळी डेक्कनजवळच्या एका हॉटेलात आमच्यापुढे शेनिन जवळजवळ खोलीइतकीच उबदार आली, आणि टेबलावरच्या एका मित्राने पहिल्याच घोटाला पेला बाजूला सारून "सरबत आहे हे" असा निकाल दिला. मला मनापासून वाईट वाटले, कारण दोष वाइनचा नव्हता. मी बर्फ आणि पाणी घातलेली बादली मागवून बाटली तिच्यात मानेपर्यंत बुडवून ठेवली. वीस मिनिटांनी कोळंबीचे तिखले आले, तेव्हा त्याच मित्राने तीच वाइन न बोलता दुसऱ्यांदा पेल्यात ओतून घेतली.