गोल की सरळ? आधी फिरवायचं काय ते सांगा

प्रतिक्रियेबद्दल आभार. मी सरळ ॲक्सिलरेटरची, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्राची, तळी उचलतो, असा तुमचा आक्षेप आहे. वर्तुळात तीच यंत्रणा त्याच कणाला हजारो वेळा ढकलते, सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या गोल यंत्राने ते सिद्ध केलंय, मग इलेक्ट्रॉनसाठी 20 किलोमीटरचा सरळ बोगदा ही निव्वळ उधळपट्टी, असं तुमचं म्हणणं.

पण एलएचसीत प्रोटॉन फिरतात हो! वळणारा विद्युतभारित कण प्रारण, म्हणजे प्रकाशाच्या रूपातली ऊर्जा, टाकत जातो. दर फेरीचा हा तोटा ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वस्तुमानाच्या चौथ्या घाताने घटतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड. याचा चौथा घात करून बघाच, एकावर तेरा शून्यांच्या घरात जातो. म्हणून प्रोटॉनला जे परवडतं ते इलेक्ट्रॉनला परवडत नाही.

एलएचसीच्याच बोगद्यात 2000 सालापर्यंत लेप हे इलेक्ट्रॉनचं गोल यंत्र चालायचं. शेवटी शेवटी त्यातला इलेक्ट्रॉन 104 जीईव्हीवर (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) होता आणि 27 किलोमीटरच्या एका फेरीत साधारण 3.4 जीईव्ही गमवायचा. अशा फेऱ्या सेकंदाला 11 हजारांवर, आणि भरपाई प्रत्येक फेरीला. आता तिथेच 250 जीईव्हीचा इलेक्ट्रॉन फिरवायचा म्हटलं, तर एका फेरीचा तोटा 110 जीईव्हीच्या पुढे जातो. कोण भरणार?

बोगदा मोठा केला तर? सर्नचा 91 किलोमीटरचा प्रस्ताव तोच आहे, आणि हिग्ज बोसॉन हा कण तयार करण्यापुरतं बोलायचं तर 120 जीईव्हीला तुमची बाजू खरंच भक्कम आहे. गोल यंत्रात कणांचे तेच पुंजके पुन्हा पुन्हा आदळतात. सरळ यंत्रात एकदा आदळले की गेले वाया. म्हणून तर, एकाच भेटीत जास्त टकरी व्हाव्यात यासाठी, आयएलसी या प्रस्तावित सरळ यंत्राच्या आराखड्यात टकरीच्या जागी झोत जेमतेम 8 नॅनोमीटर उंचीचा करायचा आहे. पण त्या 91 किलोमीटरच्या वर्तुळातही 180 जीईव्हीच्या आसपास गेलं की फेरीमागे 10 जीईव्ही जातात.

‘सरळ यंत्राने आजवर दिलं काय?’ हा प्रश्न मात्र अन्यायाचा. लेपने 1 कोटी 70 लाख झेड बोसॉन (दुर्बल बलाचे वाहक कण) नोंदवले, स्टॅनफर्डच्या एसएलसी या सरळ यंत्राने जेमतेम पाच-सहा लाख. तरी एसएलसीकडे ध्रुवित (फिरकीची दिशा जुळवलेले) इलेक्ट्रॉन होते, आणि त्या जोरावर दुर्बल मिश्रण कोनाचं (विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलांचं नातं सांगणाऱ्या आकड्याचं) सर्वांत अचूक एकेरी मोजमाप त्यांनीच केलं.

राहता राहिलं प्रारण. ते नेहमीच नुकसान नसतं, हे तुमचं मान्य. इंदूरच्या इंडस-2 या गोल यंत्रामध्ये इलेक्ट्रॉन 2.5 जीईव्हीला फिरवतात ते त्या प्रकाशासाठीच. तिथे सरळ नळीचा आग्रह मीही धरणार नाही.