पडद्यामागं

आज डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

लेकीच्या शाळेत उद्या भाषणं आहेत, विषय थोर स्त्रिया. तिनं आपणहून कमलादेवी चट्टोपाध्याय निवडल्या, आठ दिवस पाठांतर चाललंय. आज कागद तपासून आला, तर एका ओळीवर लाल पेनानं आडवी रेघ. 'त्यांनी नाटकात आणि सिनेमात काम केलं.' बाईंचं म्हणणं, हे कशाला, समाजसेवेचं बोल. बाकी भाषण तसंच, फक्त तेवढी ओळ नको.

अहो, त्या ओळीतच तर ती बाई आहे! १९०३ चा जन्म, मंगळूरच्या सारस्वत घरातली मुलगी, शाळेच्या वयात लग्न आणि थोड्याच दिवसांत विधवा. त्या काळी अशा पोरीचं काय व्हायचं हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. ती मद्रासला शिकायला गेली, सरोजिनी नायडूंच्या भावाशी दुसरं लग्न केलं, तेही जातीबाहेर, नवऱ्याबरोबर नाटकं केली, आणि १९३१ साली मृच्छकटिक ह्या जुन्या संस्कृत नाटकावरच्या मूकपटात कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. घरंदाज म्हणवणारे लोक तेव्हा सिनेमातल्या बाईबद्दल काय बोलायचे? आणि आज आपण तेच बोलतोय, फक्त लाल पेनानं.

माझी आजी बेळगावच्या वडगावची. एकोणिसाव्या वर्षी विधवा. मागवाल्या विणकरांच्या सुताच्या कांड्या भरून तिनं दोन पोरं वाढवली, बोटाला सुताचा काप पडलेला असायचा कायम. गल्लीतल्या गणपतीत नाटक बसायचं, तालमी तिच्याच दारापुढं, बायकांची कामं पुरुषच करायचे. चरखा फिरवता फिरवता आजीला सगळ्यांचे संवाद पाठ. एका वर्षी ऐनवेळी प्रॉम्प्टर आला नाही तर हिला पडद्यामागं उभं केलं. पडद्यामागं हं! विधवा बाई पुढं दिसता कामा नये. तरी नंतर दीर महिनाभर बोलले नाहीत तिच्याशी.

संध्याकाळी ग्रुपवर हे टाकलं तर एकाचं उत्तर, ती कानडी मुलखातली, तिच्यासाठी आपण कशाला भांडायचं. ऐका, बेळगावात सीमाभागासाठी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, तीत मी दरवर्षी असते, सीमाप्रश्नावर मला कुणी शिकवू नये. पण ह्या बाईनं बायकांना मिठाच्या सत्याग्रहात घ्या म्हणून गांधीजींशी वाद घातला, मुंबईत कोर्टात मॅजिस्ट्रेटलाच विचारलं, मीठ विकत घेता का म्हणून, आणि जेल भोगली. ती काय एका भाषेपुरती?

बरं, बाईंचंही थोडं खरं आहे, तीन मिनिटांत सगळं बसत नाही. मग जन्मगाव काढा, पुरस्कार काढा. १९६६ चं मॅगसेसे वगळलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

आणि समाजसेवा म्हणाल तर तीही कसली! फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांताकडून आलेल्या निर्वासितांसाठी फरिदाबाद वसवायला झटली. पुढं हस्तकला मंडळाची अध्यक्ष म्हणून गावोगाव फिरली, विणकर, कुंभार, बुरूड, ज्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. मला तर वाटतं नाटकवाली होती म्हणूनच तिला हे जमलं, हातानं काम करणाऱ्याला कलाकार म्हणायचं. आजीच्या कांड्यांना कलाकारी कुणी म्हटलं नाही. मजुरी म्हटलं, तीही आठवड्यानं द्यायचे.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. आजी शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ते संवाद म्हणायची, राजाचेही आणि राणीचेही. मी नववीत होते, मला कंटाळा यायचा, मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. एकदा म्हणाली, "पोरी, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेल्ता बघ." मी हूं म्हटलं नुसतं. आता कुठलं नाटक होतं तेही सांगणारं कुणी उरलं नाही.

बाईंशी उद्या सकाळी मी स्वतः बोलणार आहे, भांडायला नाही. कागद नवा लिहून दिलाय लेकीला, ती ओळ पहिल्या परिच्छेदात घेतलीय. आजीची इरकल साडी तिला मोठी होते, पिना लावून बसवलीय. आत तालीम चाललीय, मृच्छकटिक म्हणताना अजून अडखळतेय.