नुसता बूस्ट वाढवून भागत नाही: खुलासा

बेळगाव-खानापूरकडच्या पोरांच्या मोबाईलवर मेसेज फिरतोय: ताकद वाढवायला जपानी टर्बो गाडीला (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंप) बूस्ट कंट्रोलर, म्हणजे त्या हवेचा दाब (बूस्ट) वाढवणारं यंत्र, लावा, बाकी काही नको. हे साफ चूक आहे. निसान स्कायलाईन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनातल्या बऱ्याच मूळ टर्बोंचं टर्बाइन चाक (धुराच्या झोताने फिरणारं) सिरॅमिकचं असतं. बूस्ट १ बारच्या (बार हे दाबाचं माप) पुढे रेटलं की फुटायची भीती. शिवाय हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. नाहीतर इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून आत हादरे बसतात. असा एक पिस्टन मी हातात घेतलाय, रिंगांमधली कड नखाएवढी तुटलेली. बघून पोटात कालवलं. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), फ्युएल पंप, इंजेक्टर तपासा, मग डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग करून घ्या. आणि आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत.