उताराला इंजिन बंद करून डिझेल वाचत नाही

परवा मावसभावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, 'ड्रायव्हर बंधूंसाठी कामाची माहिती'. त्यात चार मुद्दे होते. पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलात की गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करा, नवले पुलापर्यंत थेंबभर डिझेल लागत नाही. एअर ब्रेक हवेवर चालतात, इंजिनवर नाही, म्हणून धोका शून्य. मोठ्या गाडीचे ब्रेक मोठे, ती कारपेक्षा लवकर थांबते. आणि तिथले अपघात रस्त्यामुळे होतात, ड्रायव्हरचा दोष नसतो.

हा भाऊ शिरवळहून भोसरीला सहाचाकी टेम्पो भरून आणतो. मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ब्रेकचंच काम करतो. मेसेज वाचून मला रात्री झोप आली नाही.

आधी हवेचं बघू, कारण माणूस मारणारा मुद्दा तोच आहे. ब्रेक हवेवर चालतात हे खरं. पण टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की टाकीत आहे तेवढीच हवा तुमची. प्रत्येक वेळी पाय दाबला की त्यातली थोडी सुटते, हवेचा काटा खाली येतो आणि परत चढत नाही. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवरच, त्यामुळे चाक दगडासारखं जड होतं. फार हवा उतरली की ज्या गाड्यांना स्प्रिंग ब्रेक आहे, त्यांची मागची चाकं एकदम धरली जातात. भरलेली गाडी उतारावर अशी अडकली की ती कुठल्या दिशेला घसरेल ते कुणाच्या हातात राहत नाही.

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तरी प्रश्न सुटत नाही. गिअर काढला की इंजिनची ओढ गेली, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा, तोही गेला. दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भूमकर पूल असा तो सलग उतार आहे. सगळं वजन लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर येतं. माझ्याकडे अशी गाडी येते तेव्हा चाक उघडायच्या आधीच जळका वास येतो, ड्रम निळा पडलेला असतो, लायनर काचेसारखा चकचकीत. तापलेला ड्रम फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल तळाला टेकलं तरी गाडी पळतच राहते. मग लोक म्हणतात ब्रेक फेल.

२० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका ट्रकने डझनावारी गाड्या चेपल्या, तेव्हाही पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणत होते. तपासात निघालं की ब्रेक निकामी नव्हते, ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. हे पेपरात छापून आलं. तरी हा मेसेज फिरतोच आहे!

आणि वाचतं किती? आताच्या डिझेल गाड्यांत गिअर ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल देणंच थांबवतात. उलट न्यूट्रलला इंजिन स्वतःला फिरतं ठेवायला डिझेल पितं. जुन्या गाड्यांत थोडंफार वाचायचं, त्यावरून ही सवय पडली असेल.

भरलेला ट्रक कारपेक्षा लवकर थांबतो, हे तर कुठल्याही क्लीनरला विचारा, तो पण नाही म्हणेल.

रस्त्याचं म्हणाल तर अर्धं मान्य करतो, नाइलाजाने. उतार तीव्र आहे आणि खाली उतरल्यावर लगेच शहराची गर्दी लागते. १३ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच कंटेनरच्या अपघातात ८ जण गेले, एक कार दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये सापडून पेटली. काही मालक डिझेल मोजून देतात, म्हणून ड्रायव्हर थेंब थेंब वाचवायला बघतो, तेही मला ठाऊक आहे. पण रस्ता वाईट आहे म्हणूनच गिअर काढायचा नसतो.

भावाला फोन करून सांगितलं: बाळ्या, खेड शिवापूरचा टोल सोडला की हवेचा काटा बघ. बोगद्यात शिरायच्या आधीच गिअर उतरव. हा उतार तुला चढायचा असता तर जो टाकला असतास, तोच. एक्झॉस्ट ब्रेक लाव आणि पुलापर्यंत किल्लीला हात लावू नकोस. "दादा, मेसेज डिलीट करू का?" म्हणाला. म्हटलं, डिलीट नको, त्याच्याखाली हे सगळं लिही. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.