उद्यमबागेची म्हणून फिरणारी क्लिप

सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप आली. चार पोरं एकाला बसच्या आडोशाला मारताहेत. खाली बेळगावच्या औद्योगिक वसाहतीचं नाव घालून लिहिलंय, 'उद्यमबागेत परप्रांतीयांनी आपल्या पोराला मारलं, हाकला यांना.' आणि फिरवतंय कोण? बेळगावातला मराठी माणूस! १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला कन्नड संघटनांकडून 'महाराष्ट्रात चालते व्हा' ऐकून ज्याचं रक्त उसळतं, तोच.

आधी क्लिप थांबवून बघा. बसवर एमएच-२० आहे. त्यावरून गाव ठरत नाही, एस.टी.च्या गाड्या दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याला बांधल्या जायच्या, म्हणून एमएच-१४, २०, ४० राज्यभर दिसतात. पण मागच्या दुकानांच्या पाट्या बघा. एकीवरही कन्नड अक्षर नाही. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकाचा नियम आपल्याच दुकानांवर बसलाय ना? मग हे बेळगाव कुठून झालं?

आता ही आग कशी लागते ते. आसामात १९७९ला मंगलदोई पोटनिवडणुकीच्या मतदारयादीवरून 'बाहेरचे कोण' हे आंदोलन पेटलं. फेब्रुवारी १९८३ला त्याच वादग्रस्त याद्यांवर निवडणूक रेटली. आसामातल्याच नेल्ली गावाच्या आसपास हजारेक लोक शस्त्रं घेऊन ढोल वाजवत जमलेत, असा वायरलेस संदेश तीन दिवस आधी नगावहून गेला होता. कुणी हललं नाही. १८ फेब्रुवारीला काही तासांत चौदा गावांत दोन हजारांच्या आसपास माणसं कापली गेली, त्यात बायकामुलंच जास्त. मारणाऱ्यांत तिवा आदिवासी होते, इतर स्थानिकही होते. मेले ते बंगाली मुसलमान शेतकरी. ६८८ गुन्हे नोंदले, ३१० दोषारोपपत्रं झाली, १९८५च्या आसाम करारानंतर सगळी गुंडाळली. शिक्षा एकालाही नाही.

तिवा, बोडो या तिथल्या आदिवासींची जमीन हातातून गेली हे खरं आहे, मान्य. उद्यमबागेत फाउंड्रीवाला कंत्राटी पोरं आणून मजुरी पाडतो, तेही मान्य. मग जाब फाउंड्रीवाल्याला विचारा. भट्टीपुढे उभ्या बिहारी पोराला कशाला?

२०१२ला आसामातच बोडो आणि बंगाली मुसलमानांच्या दंगलीत कोक्राझार पेटलं, चार लाखांवर माणसं छावण्यांत गेली. परतायची वेळ आली तेव्हा जमिनीचे कागद मागितले. घरासकट जळालेले कागद कुठून आणायचे? आणि ऑगस्टमध्ये तीच आग आपल्या कर्नाटकात आली, मोबाइलवरच्या अफवांतून. ईशान्येची हजारो पोरं बेंगळुरूहून जादा गाड्यांनी गुवाहाटीकडे पळाली. सरकारला दिवसाला पाचच एसएमएसची मर्यादा घालावी लागली. तिथं कुणी ढोल वाजवले नव्हते, फक्त फॉरवर्ड केलं होतं.

मला ह्या क्लिपची भीती वाटते ती यासाठी. मजगाव, पिरनवाडीत एकेका खोलीत आठ-आठ पोरं राहतात. त्यांच्याकडे इथलं रेशनकार्ड नाही, मत नाही, त्यांच्या बाजूनं बोलणारा नगरसेवक नाही. रात्री दारावर थाप पडली तर ती जाणार कुठं? आणि फेब्रुवारी २०२५ला कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बस बंद पडल्या, तेव्हा हाल कुणाचे झाले, आठवतंय ना?

ॲडमिन मंडळी, क्लिप 'सर्वांसाठी' डिलीट करा. त्याआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, उद्या पोलिसांना लागेल. ज्यांनी पुढे पाठवली, त्यांनी पाठवली तिथंच 'ही बेळगावची नाही' असं लिहा. खरंच कुठं जमाव दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, ११२ला फोन करा.