"मुंबईत कुठे थंडी, भिजत चालवा" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

जून लागला की पावसात बाईक चालवण्याबद्दलचा तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा मला सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर आणि मामेभावाकडून असा तीनदा आला. त्यात लिहिलंय की मुंबईत थंडी कुठे असते, रेनकोटात घामानेच भिजायला होतं त्यापेक्षा सरळ भिजत जा, टायरमधली हवा थोडी कमी करा म्हणजे ग्रिप वाढते, जोराचा पाऊस आला तर फ्लायओव्हरखाली थांबा, आणि लांब जायचं असेल तर एक छोटा पेग घ्या, अंग गरम राहतं. मी रोज मुलुंड ते अंधेरी बाईकने जातो आणि हे वाचून मला खरंच काळजी वाटते, कारण नवीन पोरं हे खरं मानतात.

पहिलं थंडीचं. जुलैत मुंबईत पारा २४-२५च्या खाली फारसा जात नाही, हे कबूल. पण तो आकडा कोरड्या अंगाने उभ्या असलेल्या माणसासाठी ठीक आहे हो, ओला कॉटनचा शर्ट घालून ५०-६०च्या स्पीडने वारा खाणाऱ्यासाठी नाही. एक लिटर पाणी सुकायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि कपडे अंगावरच सुकत असतील तर त्यातली बरीचशी तुमच्या अंगातून जाते. म्हणूनच पाऊस चालू असताना जेवढं गारठायला होत नाही तेवढं सर थांबल्यावर, ओल्या कपड्यांत वारा लागला की होतं. दोन वर्षांपूर्वी मी रेनकोट घरी विसरलो आणि तसाच निघालो. पवई तलावाच्या कडेने जाताना दात वाजायला लागले, आणि पुढे सिग्नलला ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळेचनात, लिव्हरवर नुसती टेकलेली, पुढच्या रिक्षाच्या मागे हातभर अंतरावर बाईक थांबली. त्या दिवसापासून माझ्यासाठी रेनकोट आणि ग्लोव्हज हा ब्रेकचाच भाग आहे.

घामाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. रबरी रेनकोटात घाम येतोच, आणि महागडं "ब्रीदेबल" घेतलंत तरी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्याचा फायदा कमीच, कारण आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. पण घामाने ओलं होणं आणि वाऱ्यात चिंब भिजणं यात फरक आहे, रेनकोट निदान वारा तरी अडवतो. एक साइज मोठा घ्या, आत कॉटनऐवजी ड्रायफिट टीशर्ट घाला, जीन्स बॅगेत ठेवा आणि ऑफिसात जाऊन बदला. घेताना रेनकोटची पँट उलटी करून बघा, मांड्यांच्या मधल्या शिवणीवर आतून टेप मारलेली हवी, कारण बसल्यावर सीटवर तिथेच पाण्याचं तळं होतं आणि पहिलं पाणी तिथूनच आत शिरतं. पँटचा पाय बुटाच्या वरून घ्या, बुटात खोचू नका. ग्लोव्हज बाहीच्या आत, नाहीतर बाहीवरून वाहणारं पाणी ग्लोव्हमध्येच भरतं. पाँचो, म्हणजे अंगावर नुसता टाकायचा सैल रेनकोट, नकोच, वाऱ्याने उडतो आणि चेनमध्ये किंवा चाकात अडकला तर संपलंच.

पाय कोरडे ठेवायला अजून एक कारण आहे ते मेसेजवाल्याच्या गावीही नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे, कुठेही साचलेल्या पाण्यात पाय बुडाले आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो, २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन विचारा, ताप यायची वाट बघू नका.

हवा कमी करायचा सल्ला तर साफ उलटा आहे. टायरचं काम असतं खालचं पाणी बाजूला सारून रस्ता पकडायचं, हवा कमी असली की ते पाणी नीट सारता येत नाही आणि टायर कमी स्पीडलाच पाण्यावर तरंगायला लागतो. कंपनीने दिलीय तेवढीच हवा ठेवा, गोटा झालेला टायर बदला. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, यांच्यावर हवा कमी करून ग्रिप येत नाही, तिथे बाईक सरळ ठेवायची आणि ब्रेक आधीच मारून घ्यायचा.

फ्लायओव्हरखाली थांबणं मला सगळ्यात जास्त खटकतं. आधी दोघं थांबतात, मग वीस, मग हायवेची एक अख्खी लेन बंद. मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर पाण्याचा पडदा, उजेडातून एकदम अंधारात शिरतोय, त्याला तुम्ही दिसणार कसे? थांबायचंच असेल तर पेट्रोल पंप बघा किंवा रस्ता सोडून एखाद्या दुकानाच्या शेडखाली जा.

आणि पेग. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून गरम वाटतं, पण तीच आतली उष्णता बाहेर पडते आणि अंग अजून गार होतं. शिवाय १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की कायद्याने गुन्हा आहे. गरम वाटायला हवंय ना, मग टपरीवर थांबा, ग्लोव्हज काढा आणि कटिंगचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसा, बोटं नीट वळायला लागली की मगच किक मारा.