निनावी शूरांसाठी काही सूचना

गेल्या श्रावणात माझ्या आईने, वयाच्या ७४व्या वर्षी, नातवाच्या हट्टापायी अळूच्या फदफद्याची सहा मिनिटांची चित्रफीत केली. गिरगावातल्या आमच्या चाळीतला तोच जुना ओटा, तेच पितळी पातेले. ती चित्रफीत समाजमाध्यमावर गेल्यानंतर दोन दिवसांत तिच्याखाली जे वाङ्मय जमा झाले, ते वाचून माझी खात्री पटली की निनावी प्रतिक्रिया लिहिणे ही ६५वी कला असून तिचे शास्त्र मात्र अद्याप कोणी लिहून ठेवलेले नाही. नवोदितांची गैरसोय होऊ नये म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

आरंभ नावापासून करावा. आईवडिलांनी ठेवलेले नाव या कामी निरुपयोगी असते, कारण त्याला कचेरी, सासर आणि शेजारपाजार चिकटलेले असतात. ‘सडेतोड’, ‘सह्याद्रीचा छावा’, ‘फक्त सत्य’ अशा नावांना मागणी आहे. पुढे चार आकडे जोडावेत, कारण नुसते ‘फक्त सत्य’ केव्हाच दुसऱ्या कोणी पळवलेले असते. चित्राच्या जागी मावळता सूर्य चालतो, वाघ उत्तम, आणि बाईमाणसाला शिवी हासडायची असेल तर शिवरायांचे चित्र लावण्याची प्रथा आहे. ज्या राजाच्या राज्यात परस्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याची गय होत नसे, त्याच्याच चित्राआडून ही कामगिरी करताना बोट अडखळू नये, यासाठी मात्र सराव लागतो.

चित्रफीत पाहू नये, लेख वाचू नये. त्याने मत कलुषित होते.

विषय कोणताही असो, तिसऱ्या प्रतिक्रियेपर्यंत जातीवर यावे. आमच्या फदफद्यात हा पल्ला असा गाठला गेला: पहिल्याने विचारले, भाजीत गूळ कशाला? दुसऱ्याने सांगितले की गूळ घालणारे कोण असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्याने ते कोण हे नाव घेऊन सांगितले. चौथ्याने तिसऱ्याची जात ओळखली (तिसऱ्याचे नाव ‘एकटा जीव’ आणि चित्र बदामाचे असताना ती त्याने कशावरून ओळखली, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही), आणि विसाव्या प्रतिक्रियेपर्यंत गाडी मुंबई कोणाची या प्रश्नावर आली. अळू आणि चुका बिचारे पातेल्यातच शिजत राहिले.

धमकी मात्र देऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे नाव लपवून धमकी देणाऱ्यास मूळ शिक्षेखेरीज आणखी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ५०७ होते. तेव्हा ‘तुला बघून घेतो’ असे न लिहिता ‘यांना देवच बघून घेईल’ असे लिहावे, म्हणजे गुन्हा देवाच्या नावावर पडतो.

सर्वांना खऱ्या नावाची सक्ती करा, असे कोणी म्हणू लागला तर त्याला दक्षिण कोरियाचा दाखला द्यावा. तेथे २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवल्याखेरीज लिहिण्यास मनाई झाली, २०११ साली साडेतीन कोटी लोकांची माहिती एका फटक्यात चोरीला गेली आणि २०१२ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच मोडीत काढला. एवढ्याने भागले नाही तर लोकहितवादींना पुढे करावे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात टोपणनावानेच पत्रे लिहिली ना, मग आम्हीच काय घोडे मारले, असे विचारावे. देशमुख सरकारी नोकरीत होते, म्हणजे गमावण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते, आणि स्वतः ब्राह्मण असून ते ब्राह्मणांचेच दोष काढत होते, एवढा तपशील मात्र गाळावा. त्यांनी कोणाच्या आईच्या भाजीवर पत्र लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पकडले गेलात तर खाते हॅक झाले होते असे सांगावे.

आता मुख्य सूचना. लिहिण्यापूर्वी समोरच्याच्या शरीराकडे बारकाईने पाहावे. व्यंग सापडले की अर्धे काम झाले. माझ्या आईचे हात थरथरतात. अळूची देठे सोलताना ती सुरी दोन्ही हातांनी धरते, आणि चण्याची डाळ वाटीतून पातेल्यात पडेपर्यंत तिचे चार दाणे ओट्यावर सांडतात. एका जाणकाराने ते नेमके हेरले आणि लिहिले, ‘म्हातारीच्या हाताला भुकंप, खाणाऱ्याच्या पोटात वादळ’. त्याखाली ११२ जणांनी हसून लोळणारे चेहरे डकवले. आईने चष्मा लावून ते एकेक अक्षर वाचले आणि विचारले, “हे कोण रे? आपल्या ओळखीचे आहेत का?” मी नाही म्हणालो. “मग त्यांना माझा राग कशाचा?” ३१ वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवलेली बाई ती; थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, “भूकंपातला भू दीर्घ असतो.” त्या रात्री ती जेवली नाही. आणि माझी अवस्था अशी की दुसऱ्या दिवशी जिन्यात ज्याने ज्याने “काकूंचा व्हिडिओ पाहिला हं” म्हटले, त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी संशयाने पाहिले. एकाने नाव लपवले, आणि चाळीतले साठ जण माझ्या लेखी गुन्हेगार ठरले.

पूर्वी निनावी पत्र लिहून ठरलेले लग्न मोडायचे तरी अंतर्देशीय पत्र विकत घ्यावे लागे, डाव्या हाताने अक्षर बदलावे लागे आणि गिरगावच्या माणसाला ते दादरच्या पेटीत टाकायला जावे लागे. तेवढ्या वाटेत एखाद्याला लाजही वाटत असेल.

नाव नसले की माणूस असाच वागतो, हेही मला पटत नाही. लोकलच्या डब्यात कोणाला कोणाचे नाव ठाऊक असते? तरीही संध्याकाळच्या विरार गाडीत तो अनोळखी माणूस सरकून चौथ्या सीटवर बूड टेकण्यापुरती जागा देतो, कारण तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर उभे असता. हैफा विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१२ साली हेच मांडले, की माणसांच्या ऑनलाइन उद्धटपणात नाव लपण्यापेक्षा नजरेला नजर न भिडण्याचा वाटा मोठा असतो. आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप गटात नाव आणि खोली क्रमांक दोन्ही दिसत असताना पाण्याच्या वेळेवरून जे लिहिले जाते, ते लिहिणारे गृहस्थ जिन्यात भेटले की आधी आपण अंग चोरून वाट देतात.

सूचना पुरे झाल्या. भूकंपवाले गृहस्थ, तुम्ही हे वाचत असाल तर नीट ऐका. तुम्हाला दुखवायचे होते, आणि दुखावलेले तोंड पाहण्याची मात्र तुमची तयारी नव्हती. याला परखडपणा म्हणू नका, हा भेकडपणा आहे, आणि तोही पलंगावर लोळत केलेला. तुमच्या घरातही कोणाचे तरी हात थरथरत असतील. त्या हातचा चहा घेताना तुम्ही हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा. नाही ना जमत? मग आमच्या घरात येऊन कशाला म्हणता? आणि ते ११२ जण, तुम्ही काय कमी आहात? एकानेही लिहिले नाही की अरे, गप्प बस.

गौरीच्या जेवणासाठी परवा पुन्हा अळू आणले. नातवाने मोबाईल उभा केला तेव्हा आई देठे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, “नुसतं पातेलं दाखव. हात नको दाखवूस.”